थंड इंजिन आणि चेंबरखालचा जाळ



बॉयलर पेटला की मागोमाग थंडीही येते. निफाडच्या बाजूला तर एखाद्या वर्षी पारा ५ अंशांखाली उतरतो. टोळी पहाटेच फडात उतरलेली, ट्रॉली भरलेली, आणि ट्रॅक्टर काही केल्या धरत नाही. मग कोणीतरी पाचट गोळा करतं, चेंबरखाली जाळ घालतं अन् म्हणतं, "आता बघा कसा धरतो!" पुष्कळदा धरतोही. म्हणूनच ही खोड सुटत नाही आणि म्हणूनच आम्हाला चार शब्द लिहावेसे वाटले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोरात दाबली की तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. गारठलेलं लोखंड ही उष्णता ओढून घेतं. त्यात ऑइल घट्ट झालेलं, बॅटरीचा जोर उतरलेला. स्टार्टर रडतखडत फिरतो, मग हवा तापायची कशी?

म्हणजे ऊब हवी ती वर, ब्लॉकला आणि हेडला. जाळ मात्र खाली. तळाचं ऑइल करपतं, वरचं लोखंड गारच राहतं. शेजारून डिझेलचे पाइप, वायरी, रबरी होज गेलेले असतात, त्यांवर ऑइलचा चिकटा. "डिझेल कुठं भडकतं?" असं छातीठोक सांगणारे गावोगाव आहेत. गार डिझेल काडीनं पटकन पेटत नाही, हे खरं. पण आपल्या मानकाप्रमाणे डिझेलची वाफ पेट घेण्याची किमान मर्यादा ३५ अंश आहे. जाळाशेजारचा पाइप ती केव्हाच ओलांडतो. भोवती वाळलेलं पाचट आणि उभा ऊस. एक ठिणगी उडाली तर ट्रॅक्टर गेला, फडही गेला, शेजाऱ्याचाही गेला.

त्यापेक्षा टोळीच्या चुलीवर पाणी तापवा, चूल मात्र ट्रॅक्टरपासून लांब ठेवा. जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर ते खालच्या तोटीनं सोडून द्यावं आणि आधी कोमट, मग कढत पाणी भरावं. दहा मिनिटांत ब्लॉक आतून तापतो. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर ते सोडू नये. गोणपाट कढत पाण्यात भिजवून, पिळून, हवा आत जाते त्या मॅनिफोल्डवर गुंडाळावं. डिझेल पंपावर मात्र कढत पाणी ओतू नका, आतले बारीक भाग जाम होतात. बॅटरी रात्री काढून घरात कोरड्या जागी ठेवली तर निम्मा त्रास वाचतो, असा आमचा अनुभव आहे.

आता रात्रीच्या दुरुस्तीचं. हात आखडतात, पाना धरवत नाही, म्हणून शेडचं दार ओढून घमेल्यात कोळसे पेटवतात. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस जरा आडवा होतो आणि उठतच नाही. शेकायचं तर बाहेर, उघड्यावर शेका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणंही तसंच घातकी.

एका कामी मात्र ऊब खरोखर लागते, ते म्हणजे बेअरिंग बसवताना. गॅसच्या बत्तीनं बेअरिंग तापवलं तर त्याचं पाणी उतरतं, हातोड्यानं ठोकलं तर गोळ्यांना खड्डे पडतात. बेअरिंग जाड प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी १०० अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे पोलाद बिघडत नाही. ५० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं की सुमारे ०.०५ मिलिमीटरनं वाढतं. तेवढं पुरतं. हातमोजे घालून झटकन सरकवा आणि सरळ धरून ठेवा. दोन मिनिटांत ते शाफ्टला आपोआप धरतं.