चेहरा झाकून सांगितलेली गोष्ट
मानवी तस्करीविरुद्ध ध्वनी आणि चित्र

मानवी तस्करी हा बहुतेक वेळा उघड्यावर घडणारा आणि तरीही ओळखू न येणारा गुन्हा आहे. ओळखीच्या बाईबरोबर बसस्थानकावर उभी असलेली मुलगी, मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर निघालेले कुटुंब, लग्न लावून परराज्यात नेलेली नवरी, यांत पाहणाऱ्याला वावगे काही दिसत नाही. भाषाही फारशी मदत करत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संबंधित विभागाचे नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’ असे आहे आणि ‘वाहतूक’ म्हटले की डोळ्यांपुढे रस्ते आणि गाड्याच येतात. जे शब्दाने कळत नाही ते डोळ्यांना आणि कानांना ओळखायला शिकवणे, हे तस्करीविरोधी ध्वनी-चित्र माध्यमांचे काम आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये तस्करीचे तीन घटक सांगितले आहेत. पहिला कृती, म्हणजे माणसाला कामावर नेमणे, नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे. दुसरा साधन, म्हणजे जबरदस्ती, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा. तिसरा हेतू, म्हणजे शोषण. १८ वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत साधन सिद्ध करावे लागत नाही, आणि देशाची सीमा ओलांडलेली असण्याचीही अट नाही. भारतीय राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही निषिद्ध ठरवली. २०१३ साली भारतीय दंड संहितेचे कलम ३७० विस्तारले गेले आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ त्याच्या जागी आहे. जनजागृतीच्या दृष्टीने तस्करीच्या तीन घटकांतला साधन हा घटक सर्वांत मोलाचा ठरतो, कारण गावात, घरात, शेजारी जे घडते ते तिथेच घडते.

छुपा कॅमेरा

या माध्यमाची आजची घडण १९९० च्या दशकातल्या शोधपटांनी केली. पत्रकार रुचिरा गुप्ता यांना नेपाळमधल्या काही खेड्यांत तरुण मुलीच दिसेनात. त्या मुलींचा माग त्यांना मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत घेऊन आला. त्यातून १९९६ सालचा ‘द सेलिंग ऑफ इनोसंट्स’ हा माहितीपट उभा राहिला आणि त्याला एमी पुरस्कार मिळाला. कॅमेऱ्यापुढे बोललेल्या स्त्रियांशी जुळलेले नाते चित्रीकरणानंतरही टिकले. त्यांच्याच साथीने २००२ मध्ये मुंबईत ‘अपने आप’ ही संस्था सुरू झाली.

त्याच सुमारास ग्लोबल सर्व्हायव्हल नेटवर्क या संस्थेचे कार्यकर्ते रशियात वन्यप्राण्यांच्या चोरट्या व्यापाराचा तपास करत होते. तिथे त्यांना स्त्रियांच्या व्यापाराचे धागे सापडले. त्यांनी परदेशी ग्राहक असल्याचे भासवणारी बनावट कंपनी काढली आणि दलालांशी झालेल्या बोलण्यांचे छुपे चित्रण केले. १९९७ मध्ये त्यातून ‘बॉट अँड सोल्ड’ हा माहितीपट तयार झाला. अँड्र्यू लेव्हिन यांच्या २००३ च्या ‘द डे माय गॉड डाइड’मध्ये नेपाळी मुलींच्या कहाण्यांबरोबर मुंबईच्या कुंटणखान्यांतले छुपे चित्रणही आहे. त्यात अनुराधा कोइराला यांच्या ‘माइती नेपाल’चे कामही दिसते. माइती म्हणजे माहेर, आणि सुटून आलेल्या मुलीला सर्वांत आधी माहेरच हवे असते.

छुप्या कॅमेऱ्याने दलालाची भाषा समाजापुढे आणली. माणसाविषयी बोलताना तो भाव, वय आणि पोहोचवण्याची तारीख यांचा हिशेब कसा करतो हे लोकांनी थेट त्याच्या तोंडून ऐकले. मात्र या तंत्राला मर्यादा आहे. चित्रीकरणाची चाहूल लागली, तर त्याची किंमत आत अडकलेल्या मुलीला मोजावी लागते. म्हणून आता असे चित्रण सुटकेच्या तयारीशिवाय करू नये, असा आग्रह धरला जातो.

ओळख लपवण्याचे कसब

पीडितेची ओळख लपवणे ही या कामातली सर्वांत नाजूक कारागिरी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख दूरान्वयानेही उघड होता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात बजावले.

केवळ डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने हे साधत नाही. गावाला मुलगी हातावरच्या गोंदणावरून, चालण्यावरून, बोलीच्या हेलावरून, मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या देवळावरूनही ओळखू येते. म्हणून जाणकार छायालेखक प्रकाश पाठीमागे ठेवून नुसती आकृती टिपतात, फक्त हात दाखवतात आणि पार्श्वभूमी मोकळी ठेवतात. यंत्राने बदललेला आवाज पुन्हा मूळ पट्टीत आणता येऊ शकतो. त्यामुळे तेच शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेणे अधिक सुरक्षित असते. ध्वनिचित्रफितीत आपोआप नोंदले जाणारे ठिकाण आणि वेळ पुसावे लागतात. संमतीही एकदाच घेऊन भागत नाही. सुटकेनंतरच्या आठवड्यात ‘हो’ म्हणालेली मुलगी दोन वर्षांनी, नवा संसार मांडताना, ‘नको’ म्हणू शकते आणि तो तिचा हक्क आहे.

ओळखीइतकाच बाजू मांडण्याचा प्रश्नही गंभीर आहे. कोलकात्याच्या सोनागाछीतील मुलांवरच्या ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळाला. पण मुलांसाठी झटणाऱ्या त्यांच्या आयांचे प्रयत्न त्यात दिसत नाहीत, असा आक्षेप त्या वस्तीतल्या स्त्रियांच्या ‘दुर्बार’ संघटनेने घेतला. ज्यांची गोष्ट सांगायची त्यांना ती आपली वाटली पाहिजे, हा धडा या वादाने दिला.

कथापट आणि रेडिओ मालिका

कथापटात ओळख लपवण्याचा प्रश्न बराच सुटतो आणि फसवणुकीची प्रक्रिया सावकाश उलगडता येते. लिथुआनियातून स्वीडनमध्ये आणलेल्या एका किशोरीचा २००० साली मृत्यू झाला. त्या घटनेच्या प्रेरणेने दिग्दर्शक लुकास मूडिसन यांनी २००२ मध्ये ‘लिल्या फॉरेव्हर’ हा चित्रपट केला. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने मोल्दोव्हात त्याचे खेळ लावले आणि सुमारे ६०,००० प्रेक्षकांनी, मुख्यत्वे तरुण मुलींनी, तो पाहिला. चित्रपटातला तरुण प्रथम प्रेमाने वागतो, मग नोकरीचे आमिष दाखवतो. प्रेक्षक मुलींना ओळखायचा असतो तो हाच क्रम.

भारतात हैदराबादच्या ‘प्रज्वला’ संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी राजेश टचरिव्हर दिग्दर्शित ‘ना बंगारू तल्ली’ची निर्मिती केली. या तेलुगू चित्रपटात धोका लाडक्या मुलीच्या घरातच, वडिलांच्या लपवलेल्या आयुष्यात आहे. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपट ठरला आणि मूळच्या नाशिकच्या अंजली पाटील यांच्या भूमिकेची विशेष दखल घेतली गेली.

पडदा पोहोचत नाही तिथे रेडिओ पोहोचतो. मेक्सिकोचे मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात समाजशिक्षणाच्या मालिकांची एक पद्धत बसवली. तिच्यात एक पात्र चांगल्या वाटेचे, एक वाईट वाटेचे आणि तिसरे दोहोंमध्ये घुटमळणारे असते. श्रोता या तिसऱ्याशी जोडला जातो. त्याच्या चुका आणि सावरणे महिनोन्‌महिने ऐकताना स्वतःचा निर्णय तपासू लागतो. पॉप्युलेशन मीडिया सेंटर या संस्थेने ‘सेसिरी तोनो’ या मालिकेतून पश्चिम आफ्रिकेत मुलांच्या तस्करीचा विषय याच पद्धतीने हाताळला.

गाणे, भिंत आणि खेळ

थोडक्यात सांगण्याचा उत्तम नमुना म्हणजे रेडिओहेड या बँडच्या ‘ऑल आय नीड’ या गाण्याचे २००८ चे चित्रण. एमटीव्हीच्या ‘एक्झिट’ या तस्करीविरोधी मोहिमेसाठी ते तयार झाले. पडद्याचे दोन भाग आहेत. एका बाजूला सुखवस्तू घरातल्या मुलाचा दिवस, दुसऱ्या बाजूला कारखान्यात राबणाऱ्या मुलाचा. शेवटी कळते की एकाच्या पायातले बूट दुसऱ्याच्या हातचे आहेत. निवेदन नाही, आकडे नाहीत, मारहाण नाही. पाहणाऱ्याला या साखळीतली स्वतःची जागा मात्र दिसते.

कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी ‘मिसिंग’ प्रकल्पात मुलीची केवळ काळी आकृती वापरली. २०१४ मध्ये दिल्लीच्या कलामेळ्यात ती मोठ्या आकारात उभी राहिली आणि पुढे शहरांच्या भिंतींवर उमटली. आकाशात मुलीच्या आकाराचे भगदाड पडल्यासारखी ती दिसते. चेहरा नसल्यामुळे कुणाची ओळख उघड होत नाही आणि ती कुणाचीही मुलगी असू शकते. २०१६ मध्ये याच प्रकल्पाचा मोबाइल खेळ आला. त्यात खेळणारा स्वतः हरवलेली मुलगी होतो आणि प्रत्येक पर्याय निवडताना तिच्यापुढच्या वाटा किती अरुंद आहेत हे अनुभवतो.

राहून गेलेला भाग

बहुतेक चित्रपट देहव्यापाराभोवती फिरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या श्रमात होते. त्यांपैकी लैंगिक शोषणात अडकलेले ६३ लाख, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी. शेत, वीटभट्टी, कारखाना आणि घरकाम यांत जखडलेल्यांच्या कथा पडद्यावर फार कमी येतात. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून असूनही उचलीच्या हिशेबात पिढी अडकते. ती वही, तो अंगठा, कधीच न फिटणारी बाकी यांचे चित्रण व्हायला हवे.

दुसरा दोष भीतीचा आहे. केवळ भयानक दृश्ये पाहून पालक मुलीची शाळा बंद करतात किंवा तिचे लग्न लवकर उरकतात. मग बचावासाठी केलेले चित्रणच तिची वाट बंद करते. म्हणून चांगली चित्रफीत घराबाहेर पडण्यापूर्वी काय तपासायचे ते शिकवते : मालकाचे नाव आणि पत्ता घरी लिहून ठेवणे, ओळखपत्र दुसऱ्याच्या हाती न देणे, ठरलेल्या दिवशी फोन करणे, नोकरी आधी पडताळून पाहणे. शेवटी मदतीचे क्रमांक येतात : मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. ते पडद्यावर लिहून भागत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी ते सावकाश, दोनदा उच्चारावे लागतात.

खेळ संपल्यावर दिवे लागतात, तेव्हा अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा पोलीस पाटील यांच्यापैकी कुणीतरी तिथे हजर असावे लागते. ‘आमच्याकडेही एक बाई कामाची माणसं न्यायला येते’ हे वाक्य अनेकदा त्याच वेळी, हळू आवाजात निघते. ते ऐकून घेणारे माणूस समोर असले, की चित्रफितीचे काम पुरे होते.