गाडीचे सीसी पाहावे की गाडीवरचे ओझे?

भाताची झोडणी आटोपली, सुपारीचे चार पैसे हातात आले, की आपल्या किनारपट्टीत मोटारसायकल घेण्याचे बेत सुरू होतात. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत सोसायटीच्या ओट्यावर हीच चर्चा असते. शंभरची घ्यावी, सव्वाशेची की दीडशेची? त्यात एखादा जुना जाणता म्हणतो, "आमच्या राजदूतची ओढ आताच्या गाड्यांत कुठली?" तरुणांना दीडशेच्या खाली काही दिसत नाही. खरे तर गाडी हे आता शेतकऱ्याचे अवजारच झाले आहे. पंप घेताना विहिरीची खोली पाहतो, तसे गाडी घेताना ओझे आणि रस्ता पाहायला हवा.

सीसी म्हणजे ताकद नव्हे

सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढ्या जागेत वरखाली होतो, त्या जागेचे माप म्हणजे सीसी. या मापावरून ताकदीचा अंदाज बांधला तर फसगत होते. जुन्या १७५ च्या राजदूतची ताकद साधारण साडेसात अश्वशक्ती होती. आजच्या ९७ सीसीच्या स्प्लेंडरची आठाच्या आसपास आहे. येझदी २५० ची तेराच्या घरात होती, आजच्या १५० च्या पल्सरची चौदाच्या जवळ आहे. यामाहा आरएक्स १०० तर ९८ सीसीचीच, पण अकरा अश्वशक्तीची.

हा फरक टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकचा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. त्यामुळे टू-स्ट्रोक गाडी चपळ असे, पण काही पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जाई आणि वर टू-टी ऑइलचा खर्च वेगळा. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि शेतकऱ्याला लिटरमागे किलोमीटर मोजायची सवय लागली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बंद पडल्या.

मग जुन्या गाडीची ओढ खोटी होती का? नाही. राजदूत कमी फेऱ्यांवरच ओढायची, म्हणून ओझे घेऊन हळूहळू चढ चढायची. आजच्या शंभरच्या गाडीला पूर्ण ओढ मिळायला इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. भरल्या गाडीवर घाटात वरचा गिअर ठेवला तर ती मान टाकणारच. वेळेत खालचा गिअर घेतला की चढते. दुकानात फक्त सीसी विचारू नका. 'टॉर्क किती आणि किती फेऱ्यांवर' हेही विचारा. शंभरच्या गाडीत हा आकडा आठच्या आसपास असतो, सव्वाशेत अकराच्या आसपास. ओझ्यासाठी हाच फरक कामाचा.

आपला रस्ता कोणता?

कार्ले, खंडाळे, नेहुली भागातला पांढरा कांदेवाला किंवा शहापूर-धेरंडकडचा खारजमिनीचा शेतकरी सपाटीवर फिरतो. एकटा माणूस आणि एखादी गोण असेल, तर शंभरची गाडी भरपूर झाली. म्हसळा-श्रीवर्धनचा घाट किंवा मुरूडहून केळघरमार्गे रोहा रोज करायचा असेल, मागे माणूस आणि पुढे पिशव्या असतील, तर सव्वाशेची घ्यावी. शंभरची गाडी तिथे सतत खालच्या गिअरमध्ये तापते, क्लचप्लेट लवकर जाते आणि वाचवलेले पेट्रोल गॅरेजवाल्याकडे जाते. दीडशेची गाडी लांबचा हमरस्ता नेहमीचा असेल तरच परवडते.

ओझ्याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते. बहुतेक लहान गाड्यांची ती चालवणाऱ्यासह १३० ते १५० किलोच्या दरम्यान असते. युरियाची गोण आता ४५ किलोची आहे. दोन गोणी ९० किलो आणि चालवणारा ६५ किलोचा धरला तर १५५ होतात. म्हणजे दोन गोणींतच मर्यादा संपली. इंजिन मोठे घेतले म्हणून ब्रेक, टायर आणि शॉकॅब्सॉर्बर जास्त ओझे घेत नाहीत.

खर्चाचा हिशेब

रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० किलोमीटर होतात. शंभरच्या गाडीने लिटरला ६० दिले तर १५० लिटर लागेल, सव्वाशेने ५० दिले तर १८० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी वर्षाला ३,००० रुपयांचा फरक पडतो. घाटाचा माणूस तो सोसेल, सपाटीच्या माणसाने का सोसावा? विम्यात मात्र फरक नाही. जून २०२२ मध्ये ठरलेल्या थर्ड पार्टी दरात ७५ ते १५० सीसीचा एकच गट होता, ७१४ रुपयांचा. १५० च्या पुढे तो १,३६६ रुपये झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यातही शंभर-दीडशे असा भेद नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांच्या सुपारीच्या बागा झोपल्या, त्यांनी हप्त्याचा विचार जास्त करावा. नव्या लावणीला फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. बाग उत्पन्नाला येण्याआधी मोठ्या गाडीचा हप्ता बसला, तर खताला पैसा उरत नाही.

जुनी घेताना

सेकंड हँड गाडीचे आरसी बुक आधी पाहा. पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी लागते, पर्यावरण कर लागतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहा. आपल्याकडे खारा वारा आहे, म्हणून चासीचे सांधे, रिमच्या तारा आणि सायलेन्सर खालून तपासा. मासळीचे पाणी सांडलेली गाडी आतून कुजलेली असू शकते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नसतो, इंधन इंजेक्टरने जाते. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे ते तपासायचे यंत्र आहे का, हे आधी विचारा. अशा गाडीची टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नये, पंप बिघडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत वेगळी काळजी घ्यावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा धरते. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. जुने रबरी पाइपही बदलून घ्या.

गाडी नवी असो वा जुनी, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला ऑइल द्या. शोरूममध्ये जाण्याआधी घरी कागदावर तीन गोष्टी लिहा: रोजचे किलोमीटर, नेहमीचे ओझे, वाटेतला चढ. किती सीसीची गाडी घ्यायची, ते हा कागदच सांगेल.