प्लास्टिकच्या माथी खापर

“प्लास्टिकवर रंग टिकत नाही हो, उगाच पैसे घालवू नका.” जुन्या पद्मिनीचं किंवा सुरुवातीच्या मारुती 800 चं आतलं काम काढलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावं लागतं. गॅरेजवाले सांगतात, स्पेअर पार्टवाले सांगतात आणि जन्मात कधी पॉलिश पेपर हातात न धरलेले मेव्हणेही सांगतात. सांगणाऱ्याच्या पाठीमागे जी नवी गाडी उभी असते, तिचा बंपर प्लास्टिकचाच असतो आणि बॉडीच्या रंगात रंगवलेला असतो. ऊन, पाऊस, उडती खडी, सगळं तो वर्षानुवर्षं सोसतो. तिथे रंग टिकतो आणि आत सावलीत बसलेल्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर मात्र टिकत नाही, हे कसं काय, असं विचारलं की उत्तर येतं, “ते कंपनीचं काम असतं.”

कंपनीत जादू करत नाहीत, पृष्ठभाग तयार करतात. घरगुती कामात रंगाचे पापुद्रे सुटतात हे खरंच आहे, पण त्याला बहुतेक वेळा प्लास्टिक जबाबदार नसतं.

पहिला गुन्हेगार डॅशबोर्ड पॉलिश. काळं प्लास्टिक चमकावं म्हणून गाडी धुणाऱ्याने वीस-तीस वर्षं जे चोपडलेलं असतं, त्यात बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. त्याच्यावर ओला रंग पसरत नाही, मागे सरतो. फवारा मारल्यावर क्षणभर सगळं छान दिसतं, मग टाचणीच्या डोक्याएवढे गोल खळगे उमटू लागतात आणि प्रत्येकाच्या तळाशी जुनं प्लास्टिक उघडं पडतं. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. त्यावर आणखी एक हात मारून खळगे बुजत नाहीत, तेवढेच खोल होतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कामाचा क्रम. भाग काढला की लोक आधी पॉलिश पेपर घेतात. घासल्याने सिलिकॉन निघत नाही, ते ओरखड्यांत जाऊन बसतं. आधी साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश, मग ग्रीस काढायचं द्रावण एका फडक्याने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने सगळीकडे पुसणं म्हणजे मेण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणं. घासणं त्यानंतर. तेही दाणेदार पोताच्या भागावर कागदाने नाही, करड्या स्कफ पॅडने. कागद पोताचे उंचवटे खातो आणि भाग टकला दिसू लागतो.

दुसरा प्रश्न: प्लास्टिक कुठलं? एबीएस असेल तर रंग सहसा मुकाट्याने धरतो. पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याची पृष्ठऊर्जा कमी असते, मीटरला साधारण 30 मिलिन्यूटन. एबीएसची 40 च्या आसपास. म्हणून पॉलिप्रॉपिलीनवर रंगाआधी अ‍ॅडहीजन प्रमोटरचा पातळ हात लागतो. त्यात सहसा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असतं; ते खाली प्लास्टिकला धरतं आणि वर रंगाला. बंपरच्या कारखान्यात कुठे हेच वापरतात, कुठे रंगाआधी पृष्ठभागावरून ज्योत फिरवतात. “कंपनीचं काम” ते एवढंच.

भागाच्या मागे एबीएस किंवा पीपी अशी अक्षरं उठवलेली असतील तर प्रश्नच मिटला. जुन्या भागांवर ती बहुधा नसतात. मग मागच्या, न दिसणाऱ्या कडेची नखाएवढी सालपटी ब्लेडने काढा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.9, ते वर येतं, एबीएसची 1.05 च्या जवळपास, ते तळाला जातं. टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन मात्र बुडूही शकतं, त्यामुळे शंका आली की प्रमोटर मारून मोकळं व्हावं.

एवढं करूनही भरवसा नसेल तर वाद घालू नका, चाचणी करा. एएसटीएम डी 3359 ही मान्य पद्धत आहे: पूर्ण वाळलेल्या रंगावर ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक चिरांची जाळी करायची, ठरावीक चिकटपट्टी दाबून बसवायची आणि ओढून काढायची. घरी साधी चांगली चिकटपट्टी घेतली तरी अंदाज येतो. चौकोन पट्टीबरोबर उठले तर तयारीत खोट आहे. मागच्या बाजूला करा म्हणजे झालं.

बाकीच्या समजुतींना इतकी जागा द्यायची गरज नाही.

“जाड हात मारला की टिकतो.” उलट. जाड थरात थिनर अडकतो, रंग आतून मऊ राहतो आणि पोत बुजतं ते वेगळंच. पातळ तीन हात, मधे वाळायला वेळ.

“घरातला ऑइल पेंट उरलाय, तोच चालेल.” उन्हात उभ्या गाडीत काय तापमान होतं हे अनेकांना खरं वाटत नाही. अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी इथे मोजणी करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान सुमारे 69 अंश सेल्सिअस भरलं. दिवाणखान्याच्या दारासाठी केलेला रंग यासाठी केलेला नसतो.

“रेक्झिनलाही तोच स्प्रे.” नाही. रेक्झिन वाकतं, रंग तडकतो. त्यासाठी लवचिक व्हिनाइल कोटिंग मिळतं.

“चकचकीत केलं की नवं दिसतं.” डॅशबोर्ड मंद ठेवतात तो पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडू नये म्हणून. वर ग्लॉस लॅकर चढवणारे रात्री समोरून हेडलाइट आले की स्वतःलाच शिव्या घालतात.

“पावसाळ्यात घरात बसून करायचं काम आहे.” एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग मुंबई-कोकणात जुलैत मारून पाहा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो. करायचंच तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घ्या, नाहीतर दसऱ्यापर्यंत थांबा.

“तोंडाला रुमाल बांधला की पुरे.” हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. हार्डनर घालायच्या टू-के रंगांत आयसोसायनेट असतात. ब्रिटनच्या एचएसई या सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या माहितीनुसार गाड्या रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका एकूण कामगारांच्या सुमारे 80 पट असतो. त्या फवाऱ्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर टू-के घरी मारूच नये.

“आतला रंग बदलला तर विंटेज नोंदणी जाते.” पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 चे केंद्रीय नियम मूळ स्वरूप मागतात आणि मोठ्या बदलांत चासी, बॉडी शेल, इंजिन यांची नावं घेतात. दाराच्या पट्टीचा रंग त्या यादीत नाही. स्पर्धेतले परीक्षक मात्र तो बघतात. तिथे जायचं असेल तर मूळ छटाच हवी आणि बाहेरच्या रंगाचा कोड त्यासाठी कामाचा नाही, कारण आतल्या भागांची छटा बरेचदा वेगळी असते. एखादी पट्टी उचकटून तिची ऊन न लागलेली बाजू घेऊन रंगाच्या दुकानात जा आणि नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर फुटपाथवर येऊन जुळवा.