कॅलेंडरमागचं भोक

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे भिंतीला एक बारीकसं भोक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, खिळा निघाला असेल. खरं काय ते आम्हा घरच्यांनाच ठाऊक. मैत्रिणींनो, आज तुम्हालाही सांगते.

आमची सई नेमबाजी शिकते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून कांस्यपदक आणलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलींनाही वाटायला लागलं, आपल्याला जमेल. भिशीचे पैसे घालून आम्ही सईला वापरलेली, पण चांगली एअर रायफल घेऊन दिली. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटरवर निशाण आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा!

सईची तक्रार एकच. "आई, नळीचं तोंड हलतं गं. पुढे थोडं वजन हवं." नळीच्या तोंडाशी बसवायची जोडनळी मिळते. तिनं पुढची बाजू जड होऊन स्थिर राहते. पण ती महाग. माझ्या दिरांचं लेथचं वर्कशॉप आहे. ते म्हणाले, "वहिनी, कशाला पैसे घालवताय? रविवारी मी घरीच बसवून देतो." सिनेमातल्या बंदुकीसारखी भोकं पाडलेली झकास पितळी नळी त्यांनी घडवून आणली.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर रायफल आडवी झाली. भाऊजींनी हवेचं सिलिंडर काढून बाजूला ठेवलं. "आता ही काठीच समजा," म्हणाले. मीही निर्धास्त पोळ्या लाटत होते. नळी बसली. कशी वाटते बघू म्हणून त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि सहज चाप ओढला.

फट्!

सासूबाई कॅलेंडरखाली पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर भिंतीचा पोपडा उडाला. माझ्या हातातलं लाटणं गळून पडलं. भाऊजींचा चेहरा पांढराफटक. सई रडत म्हणाली, "काल बस चुकेल म्हणून घाईत छर्रा आतच राहिला."

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "हे खूळ आजपासून बंद."

रात्रभर मला झोप नाही. आईंचं चुकलं असं म्हणायला तोंड नव्हतं. पण मुलीचं स्वप्न असं गुंडाळून माळ्यावर टाकायचं? दुसऱ्या दिवशी रायफल घेऊन सईच्या सरांकडे गेले. सगळं खरं सांगितलं.

सर रागावले, पण समजावूनही सांगितलं. सिलिंडर काढलं तरी आत एखाद्या फैरीपुरती हवा उरू शकते. म्हणून आधी नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं. मग नळीतून आरपार रंगीत सुरक्षा-दोरी घालायची. दोरी दोन्हीकडून दिसली, म्हणजे आत छर्रा नाही. बंद करून ठेवलेली रायफलसुद्धा माणसाकडे कधी रोखायची नाही. दुरुस्ती किंवा जोडकाम जाणत्या माणसाकडून, रेंजवरच.

भाऊजींची नळी त्यांनी हातात घेऊन पाहिली. ती जरा तिरपी बसली होती. छर्रा आतल्या कडेला घासला, तर कुठे जाईल याचा नेम नाही. शिवाय स्पर्धेच्या तपासणीत ती बादच झाली असती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नळीला किंवा जोडनळीला भोकं पाडलेली चालत नाहीत, धक्का कमी करणारी साधनंही चालत नाहीत. वजन साडेपाच किलोच्या आत आणि मागच्या यंत्रापासून नळीच्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी. म्हणजे आम्ही जीव धोक्यात घातला, तो बाद होणाऱ्या वस्तूसाठी!

घरी येऊन मी आईंच्या पायाशी बसले. म्हटलं, "आई, चूक खेळाची नाही, आपली आहे. गॅसचं बटण रात्री दोनदा बघणारी मी, या वस्तूला मात्र 'मला त्यातलं काय कळतं' म्हणून हात लावला नाही. आता मी शिकून आलेय." त्यांच्यासमोर दोरी घालून दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही टोकं पाहिली.

आता रायफल कुलपात असते, छर्रे वेगळ्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. सईनं सरांकडून साधं, नियमातलं वजन बसवून घेतलं.

भोक मी मुद्दाम बुजवलेलं नाही. दर शनिवारी सई रेंजवरून आली की आतून पहिला आवाज सासूबाईंचाच येतो, "सई, दोरी दाखव आधी. मग जेवायला बस."