प्रारूपाधारित चाचणीनिर्मिती
ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आज्ञावलीच्या आराखड्यावरूनच तिच्या चाचण्या आपोआप तयार करणे म्हणजे प्रारूपाधारित चाचणीनिर्मिती होय. असे आराखडे बहुधा यूएमएल या चित्रभाषेत काढतात. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने ती १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. समजा, भंडाऱ्यासारख्या भातपट्ट्यातील धान खरेदी केंद्राच्या आज्ञावलीत शेतकऱ्याच्या नोंदीच्या ‘नोंदणी’, ‘वजन’ व ‘रक्कम जमा’ अशा अवस्था आखल्या आहेत. चाचणीसाधन प्रत्येक अवस्थांतरासाठी किमान एक चाचणी रचते. वजनाआधी रक्कम जमा करण्याचा प्रयत्न नाकारला जातो का, हेही त्यातून पाहता येते. मात्र ओलसर धान परत पाठवण्याची वाट आराखड्यातच राहून गेली, तर तिची चाचणी निर्माण होत नाही. या पद्धतीची खरी मर्यादा हीच. आज्ञावलीही त्याच आराखड्यावरून आपोआप लिहिली असल्यास ती उणीव दोन्हीकडे सारखीच उतरते आणि सर्व चाचण्या यशस्वी ठरतात.