काड्यांची भूमिती

सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या, एवढ्या सामानात मुलांना भूमितीचे सांगाडे उभारता येतात. काड्यांचा गुल आधी खरवडून काढावा. हे काम आणि कापाकापी मोठ्यांनीच करावी. नळीचे सुमारे २ सेंटिमीटरचे तुकडे करून दोन्ही टोकांत एकेक काडी घुसवली की वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन मात्र लगेच कलतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. समोरासमोरच्या सांध्यांना सुईने भोके पाडून त्यांत खराट्याची लांब काडी कर्णासारखी बसवली, तर तोही ताठ उभा राहतो. पुलांच्या आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे इथे मुलांच्या बोटांना कळते. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा ही समज कितीतरी पक्की असते.

हा सांधा घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय अरविंद गुप्ता यांचे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी या खेळण्यांवर काम केले आणि पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या, मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात ते वाढवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.