सातशे पंधरापासून एकशे पंच्याण्णवपर्यंत

जुन्या ड्रायव्हरांना टायरची मापं अजूनही पाढ्यासारखी पाठ आहेत : सहाशे सोळा, सातशे पंधरा, साडेसातशे सोळा. सहाशे सोळा म्हणजे ६.००-१६, विलीज जीपचं चाक. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा हेच माप तिच्यासोबत आलं आणि पुढे कित्येक वर्षं खेड्यापाड्यांत माल वाहणाऱ्या जीपच्या भावंडांनाही तेच पुरलं. रुंदी सहा इंच, डिस्क सोळा इंच, संपलं माप. टायरची उंची वेगळी सांगायची गरज नव्हती, कारण ती साधारण रुंदीइतकीच असे. वजन किती पेलेल, हे मात्र आकड्यात नव्हतं. ते ‘प्लाय’वरून ओळखायचं : सहा प्लाय, आठ प्लाय. आधी हे खरोखरचे सुती थर असत. नायलॉन आल्यावर थर कमी झाले आणि प्लाय हा ताकदीचा दर्जा तेवढा उरला.

१९८६ साली टाटांची ४०७ आली. तिला मागे जोडचाकं होती. दोनच वर्षांनी टाटामोबाइल आली, पुढे २०७ आणि महिंद्रांची बोलेरो पिकअप. या गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक. पिकअपच्या टायरची सगळी गोष्ट माझ्या मते इथे आहे. जोडचाकात एक टायर बसला तरी शेजारचा घडीभर भार सांभाळतो. एकेरी चाकाला असा आधार नाही. त्यामुळे माप चुकलं, तर त्याची किंमत मागच्या दोन टायरांना चुकवावी लागते आणि घाटात ड्रायव्हरलाही.

भारतात रेडियल टायर १९७७ मध्ये जेके टायरने आणला. मोटारींमध्ये तो रुळला, पण मालाच्या गाड्यांत नायलॉनचा जोर पुष्कळ वर्षं टिकला. त्याला कारणंही होती. नायलॉनची बाजू जाड, खड्डा-दगड सोसणारी, जादा भाराला दाद न देणारी. गोटा झाला की रबर चढवायचं आणि पुन्हा गाडी रस्त्यावर. रेडियल कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो, डिझेल वाचवतो. रस्ते सुधारले, वेग वाढला, तशी ही बाजू जड होत गेली. सातशे पंधराचा ७.०० आर १५ झाला. मधे एकच अक्षर आलं, पण आतली बांधणी पार बदलली. म्हणूनच एका अ‍ॅक्सलवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल लावू नये. आकडे सारखे दिसले तरी भाराखाली दोघे वेगवेगळे दबतात, ब्रेकला गाडी ओढली जाते.

मग मिलिमीटरची मापं आली. १९५/८० आर १५ : रुंदी १९५ मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, डिस्क १५ इंची. हिशेब केला तर चाकाचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ चा भरतो ७०३. फरक जेमतेम एका सेंटिमीटरचा. माप नेमकं सांगणारी ही पद्धत चांगलीच आहे, पण तिने एक नवा घोळ आणला. हेच १९५/८० आर १५ माप मारुतीच्या जिम्नी या प्रवासी गाडीलाही असतं. तिच्या टायरवर मापापुढे ९६ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरची मर्यादा ७१० किलो. त्याच मापाच्या, ‘एलटी’ लिहिलेल्या मालवाहू टायरवर १०६ सारखा आकडा असतो, म्हणजे ९५० किलो. तेराशे किलो टोमॅटो भरलेल्या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर गाडीच्या वजनासकट अठराशे-एकोणीसशे किलो येतात. ९६ चे दोन टायर मिळून १,४२० पेलतात, १०६ चे दोन १,९००. स्वस्त मिळाला म्हणून पहिला बसवला, तर तो नारायणगावातून निघेल, माळशेजही उतरेल, आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी तापून फुटेल. वर्षानुवर्षं मापाची चर्चा रुंदीवरच होत आली याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढचे दोन-तीन आकडे वाचायला कुणी शिकवलंच नाही.

२००५ मध्ये टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’, आली, १४५ आर १२ च्या बुटक्या चाकांवर. हौदा खाली आला, पोती चढवणं सोपं झालं, गल्लीबोळ खुले झाले. पण ते चाक सातशे पंधरापेक्षा किलोमीटरमागे दीडशेच्या वर फेरे जास्त घेतं, आणि खड्ड्यात लहान चाक खोल उतरतं. छोट्या हत्तीचे मालक टायर लवकर झिजल्याची तक्रार करतात, तेव्हा बरेचदा दोष टायर बनवणाऱ्या कंपनीचा नसतो, फेऱ्यांचा आणि भाराचा असतो.

गेल्या दहाएक वर्षांत उलटी हौस आली आहे. व्ही-क्रॉस, हायलक्स या मोठ्या पिकअप रस्त्यावर आल्या. हायलक्सचं २६५/६० आर १८ पाहून साध्या पिकअपलाही रुंद टायर हवासा वाटू लागला. १९५/८० काढून २३५/७५ बसवला, तर व्यास जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टच्या पुढे असते. चढावर गिअर जड लागतो, क्लच जळतो, पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो. अरुंद डिस्कवर रुंद टायर बसवला तर बाजू फुगते आणि स्टिअरिंग तरंगतं. भार पेलण्याची ताकद मात्र रुंदीने आपोआप वाढत नाही. ती प्लायने आणि हवेने वाढते. आठ प्लायच्या एलटी टायरला पूर्ण भाराला ६५ पौंडांपर्यंत हवा लागते. गाडी रिकामी आदळते म्हणून ती चाळीसवर आणली आणि तशीच भरली, तर १०६ चा आकडा काही कामाचा राहत नाही.

आज टायर घ्यायचा तर आधी गाडीवरची कंपनीची पट्टी वाचावी, मग जुन्या टायरचं माप, आणि पट्टीवरचा भार-आकडा असेल त्याच्या खाली कधीही जाऊ नये. वर गेलं तर चालतं, डिस्क आणि हवा जुळत असेल तर. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर बाद. मागचे दोन्ही जोडीनेच बदलावेत. एक नवा, एक गोटा असला तर दोन्हींचे फेरे जुळत नाहीत आणि डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही विनाकारण फिरत राहतं. स्टेपनीलाही हेच लागू. हौद्याखाली लटकलेलं जुनं, वेगळ्या मापाचं चाक मागे लावून भरली गाडी वाशीपर्यंत नेऊ नये. पंक्चर काढून मूळ चाक पहिल्या दुकानातच परत चढवावं.